सहल एक दिवसाची, शिदोरी जन्माची



भात झोडून झालं, नागली घरात आली, की गटात सहलीचा विषय निघतोच. जायचं तर जरूर. पण नुसते फोटो काढून यायचं की काही शिकून यायचं, हे आधी ठरवा.

जगात 'उघड्यावरची संग्रहालयं' असतात. तिथं वस्तू काचेच्या कपाटात नसतात. अख्खं घर, गोठा, लोहाराची भट्टी उभी असते आणि माणसं ती कामं करून दाखवतात. स्वीडनमधल्या स्टॉकहोम शहरात 1891 साली आर्तुर हाझेलियस यांनी असं 'स्कान्सेन' सुरू केलं. कारखाने वाढले, खेड्यातलं जुनं जगणं पुसायला लागलं, म्हणून त्यांनी गावोगावची घरं तिथं आणून उभी केली. आपल्या राज्यात कोल्हापूरजवळ कणेरी मठावर सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय आहे. तिथं बारा बलुतेदार आणि शेतकरी बाया पुतळ्यांतून दिसतात. पण जव्हार-मोखाड्याहून ते एका दिवसात होण्यासारखं नाही.

मग काय करायचं? आपल्याकडे पुतळ्यांची गरजच नाही, कामं अजून जिवंत आहेत.

सकाळी जव्हारला शिरपामाळ बघा. सुरतेला जाताना शिवाजी महाराज इथं थांबले होते, असं सांगतात. मग मुकणे राजांचा जयविलास राजवाडा. आत सोडतात का, ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा. दुपारी मात्र एखाद्या सदस्य ताईच्या पाड्यावर जा. कारवीच्या कुडाचं घर, कणगी, जातं, उखळ-मुसळ, इरलं बघा. घरातल्या म्हाताऱ्या आजीला विचारा: कुडाला काय लिंपायचं? वरईचं बी कसं राखायचं? कुठली रानभाजी कधी खायची? एकीनं वहीत लिहून घ्या, दुसरीनं मोबाईलवर आवाज भरून घ्या. त्याआधी आजीची परवानगी घ्यायला विसरू नका.

याची गरज काय, म्हणाल. वारली चित्रांचंच बघा ना. लग्नाचा चौक तांदळाच्या पिठानं लिहायच्या त्या सवासिनी, म्हणजे बायाच. पुढं चित्रं कागदावर आली, जिव्या सोमा मशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, कलेचं नाव जगभर झालं. पण चौक लिहिणाऱ्या त्या जुन्या बायांची नावं किती जणींना ठाऊक आहेत? कुणी लिहूनच ठेवली नाहीत. जातं भंगारात गेलं तर दुसरं मिळेल. आजीबरोबर गेलेलं ज्ञान परत मिळत नाही.

निघण्याआधी एवढं करा:

• सहलीचा ठराव बैठकीत घेऊन इतिवृत्तात लिहा.
• गाडीभाडं वर्गणीतून भरा, कर्जाच्या पैशाला हात लावू नका.
• जेवण ज्या पाड्यावर, तिथल्याच बायांकडून घ्या आणि ठरलेले पैसे हातात द्या. नागलीची भाकरी नि चटणी खायला शहरातली माणसं पैसे मोजतात, मग आपल्याच मैत्रिणीच्या कष्टाला फुकट का धरायचं?

परत आल्यावर ती वही पुढच्या बैठकीत वाचा आणि गटाच्या दप्तरात जपून ठेवा.