दोन मेळाव्यांच्या मधली शाळा

यंदा जूनमध्ये ज्यांचं लेकरू पहिलीत जाणार आहे, त्यांच्यासाठी आजचं बोलणं.

आपल्या राज्यात २०२२ पासून 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान चालतं. शाळेत एक मेळावा एप्रिलमध्ये होतो, दुसरा जूनमध्ये. सात स्टॉल मांडतात. नोंदणी झाली की लेकरू एकेका स्टॉलवर जातं, उड्या मारतं, चित्र बघून बोलतं, वस्तू मोजतं. काय जमलं, कुठं मदत लागली, ते विकासपत्रावर लिहितात. शेवटच्या स्टॉलवर आईशी बोलणं होतं.

मेळावा झाला, फोटो निघाला, की आपल्याला वाटतं झालं काम. पण पुढं जून उजाडेपर्यंत शिकवणार कोण? आपणच. म्हणून तर गल्लीतल्या आयांचा गट करायचा, एक लीडर माता निवडायची आणि आयडिया कार्ड बघून आठवड्याचं काम ठरवायचं, अशी सोय ह्या अभियानात आहे. बचत गटाची बैठक असतेच, तिथंच दहा मिनिटं काढा.

कार्ड हाती आलं नाही तरी अडत नाही. उन्हाळा म्हणजे वाळवणाचे दिवस. बाजेवर पापड घालताना विचारा, ह्या रांगेत किती? त्या रांगेत जास्त की कमी? वाळलेल्या पापडांच्या दहा-दहाच्या चळती लावायला सांगा. चिंचोके मोजू द्या. तूर आणि हरभरा एकत्र करून निवडायला द्या, कणकेचा गोळा मळू द्या. बोटांत जोर आला की पेन्सिल नीट धरता येते. आपण मात्र उलटं करतो. आधी पाटी देऊन अ-आ गिरवायला बसवतो, आणि रडलं की धपाटा! लिहायला तर पहिलीत शिकवतातच.

"मला कुठं वाचता येतं?" असं बऱ्याच जणी म्हणतात. अहो, गोष्टीला अक्षर लागत नाही. चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगा, मध्येच थांबा, "मग काय झालं?" म्हणून विचारा. उरलेली लेकराला सांगू द्या. चुकलं तर टोकू नका. शेंद्र्याला कंपनीत जाणाऱ्यांनी हे रात्री भाकरी थापताना केलं तरी चालतं.

आता कागदांचं. जन्माचा दाखला नाही म्हणून दोन-दोन वर्षं पोरगी घरी ठेवू नका. वयाचा पुरावा नाही एवढ्यावरून प्रवेश नाकारता येत नाही, असं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलेलं आहे. ऊसतोडीहून परतलेल्या मोठ्या भावंडांचा जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तरी त्यापायी प्रवेश अडवता येत नाही.

आणि जूनच्या मेळाव्यात एप्रिलचं विकासपत्र आठवणीनं मागा. तेव्हा जिथं अडलं होतं, ते आता जमतं का, हे तिथं उभं राहून स्वतः बघा. अजून अडत असेल, तर पहिलीच्या बाईंना त्याच दिवशी सांगा.