रेक ग्राही : विखुरलेल्या लहरींची बेरीज

बिनतारी संदेश ग्राहीपर्यंत एकाच वाटेने क्वचितच पोचतो. इमारती, डोंगर किंवा आयनांबर यांवरून परावर्तित झालेल्या त्याच्या अनेक प्रती थोड्याथोड्या विलंबाने येऊन मिसळतात, आणि एका लहरीचे शिखर दुसरीच्या दरीवर पडले की दोन्ही मिळून जवळजवळ काहीच उरत नाही. या घटीला क्षीणन म्हणतात. शक्ती वाढवणे किंवा अंतराअंतरावर अँटेना उभारणे, हे त्यावरचे जुने उपाय होते.

मॅसॅच्युसेट्समधील लिंकन प्रयोगशाळेच्या रॉबर्ट प्राइस व पॉल ग्रीन यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात उलटा विचार मांडला : परावर्तित प्रतींतही संदेशाची शक्ती असते, तेव्हा त्या टाळण्याऐवजी वेगळ्या काढून जोडाव्यात. त्यांनी टेलिप्रिंटरचा संथ संदेश मुद्दाम सुमारे १० किलोहर्ट्झ रुंदीच्या, गोंगाटासारख्या दिसणाऱ्या संकेतावर पसरवला. असा संकेत स्वतःच्या नकलेशी तंतोतंत एकाच वेळी ठेवला तरच जुळतो. सुमारे १०० मायक्रोसेकंद सरकवला की साम्य संपते, आणि म्हणून तेवढ्या विलंबाची प्रत स्वतंत्र ओळखता येते. विलंबरेषेवर ठरावीक अंतराने काढलेल्या जोडण्या, दंताळ्याच्या (इंग्रजीत ‘रेक’) दातांप्रमाणे, एकेक प्रत पकडतात. मग लहरींची शिखरे एका रेषेत आणून, सबळ प्रतीला अधिक व दुर्बल प्रतीला कमी वजन देऊन बेरीज होते. यंत्राची खरी करामत बेरजेत नसून या विलगीकरणात आहे, आणि वरकरणी उधळपट्टी वाटणारी पट्टरुंदी ही त्याचीच किंमत होय.

आयनांबरासाठी जन्मलेली ही युक्ती पुढे सीडीएमए या, संदेश असाच रुंद संकेतावर पसरवणाऱ्या पद्धतीच्या मोबाइलमध्ये आली. तेथे सेकंदाला १२,२८,८०० ‘चिप’, म्हणजे संकेताचे सूक्ष्म तुकडे, जात असल्याने एका चिपचा काळ सुमारे ०.८१ मायक्रोसेकंद भरतो आणि वाटांच्या लांबीत साधारण २४४ मीटरचा फरक असला तर त्या वेगळ्या होतात. ‘फिंगर’ म्हणवणारे काही जुळवणी-विभाग एकेका वाटेचा माग धरतात. फोन एका मनोऱ्याच्या क्षेत्रातून दुसऱ्याच्या क्षेत्रात जाताना यांतील एखादा नव्या मनोऱ्याकडे वळवता येतो, त्यामुळे जुना दुवा सुटण्याआधीच नवा जोडलेला असतो. २००३ च्या सुमारास महाराष्ट्रात विकल्या गेलेल्या रिलायन्सच्या हँडसेटचे तंत्र हेच होते.

घरात मात्र वाटांमधील फरक काही मीटरांचाच असतो, तेथे हे दंताळे निरुपयोगी ठरते. चिप आखूड केल्या तर वाटा सुटतात, पण फिंगर वाढवावे लागतात. मोबाइलच्या चौथ्या पिढीने म्हणूनच संदेश असंख्य अरुंद उपवाहकांवर वाटून प्रत्येक चिन्हाचा काळ विलंबापेक्षा पुष्कळ लांबवला.