रायफलला मानवणारी पेलेट

एकाच कंपनीचे, एकाच नावाचे, 4.50 हाच आकडा छापलेले दोन डबे. एकातल्या दहा पेलेट्स कागदावर जवळजवळ एकाच छिद्रातून जातात, दुसऱ्यातल्या दहा ते छिद्र वेडंवाकडं करून ठेवतात. रायफलही तीच. ज्या घरात कुणी 10 मीटर एअर रायफल खेळतं, तिथे हा अनुभव कधी ना कधी येतोच. कोणता डबा घ्यायचा, हे दुकानदार सांगू शकत नाही. आपल्या रायफलवर चाचणी घेऊनच ते ठरवावं लागतं.

परदेशात शिकारीच्या रायफली वापरणारे पुष्कळ जण पितळी पुंगळी, दारू आणि गोळी आणून काडतूस स्वतःच भरतात आणि रायफलला काय मानवतं ते शोधत राहतात. आपल्या एअर रायफलमध्ये दाबाखालच्या हवेने शिशाची पेलेट सुटते. ती घडवणं आपल्या हातात नाही, निवडणं मात्र आहे.

आधी लक्ष्य समजून घेऊ. दहा गुणांचा ठिपका फक्त 0.5 मिमी व्यासाचा असतो आणि पेलेट 4.5 मिमीची. तिची कडा ठिपक्याला शिवली की दहा मिळतात. म्हणजे पेलेटचा मध्य केंद्रापासून अडीच मिमी सरकला तरी 10.0 पदरात पडतात. पण आता गुण दशांशात मोजतात. मध्य दर पाव मिमी दूर गेला की 0.1 गुण कमी होतो. 10.9 हवे असतील तर पाव मिमीच्या आत राहावं लागतं. साठ शॉट्सचे जास्तीत जास्त गुण 654.0.

मग ही चाचणी सगळ्यांनी करायची का? माझं स्पष्ट मत, नाही. थोडा हिशेब करू. चांगल्या डब्यातल्या पेलेट्स केंद्रापासून सरासरी 0.3 मिमी भरकटतात आणि सुमार डब्यातल्या 0.6 मिमी, असं धरा. नवशिक्याचा हात स्वतःच सरासरी 4 मिमी हलत असेल, तर दोन डब्यांमधला फरक साठ शॉट्समध्ये एका गुणाच्याही आत राहतो. ज्याचा हात 1 मिमीवर आला आहे, त्याला मात्र तोच फरक सुमारे तीन गुणांचा पडतो. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने 2022 मध्ये कैरोत ज्या प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवलं, त्या पातळीवर अंतिम फेरीतली जागा दशांशांवर ठरते. तिथे तीन गुण फार झाले. मुलगा किंवा मुलगी क्लबात नुकतीच जाऊ लागली असेल, तर या चाचणीचे पैसे सरावावर आणि चांगल्या जॅकेटवर खर्च करा.

आता पेलेटकडे वळू. स्पर्धेची पेलेट शटलकॉकसारखी असते. पुढे सपाट डोकं, मध्ये बारीक कंबर, मागे पोकळ घेर. सपाट डोक्यामुळे कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं. घेर हवेच्या दाबाने फुगून नळीला घट्ट बसतो, मागची हवा निसटू देत नाही. रायफलची पेलेट साधारण 0.53 ग्रॅमची असते, पिस्तुलाची बहुधा त्याहून हलकी. त्यामुळे डबा घेताना नीट वाचावं.

डब्यावरचा 4.49, 4.50 किंवा 4.51 हा आकडा डोक्याचा व्यास सांगतो. त्याहून महत्त्वाचा असतो बॅच क्रमांक, म्हणजे एका वेळी, एका साच्यातून निघालेल्या मालाची खूण. साचे वापराने झिजतात आणि बदलले जातात. म्हणून आकडा तोच राहिला तरी माल तोच राहत नाही. पुष्कळांची गल्लत इथेच होते. ‘आम्हाला 4.50 चालते’ हे अर्धंच उत्तर आहे. कोणत्या कंपनीची, कोणत्या बॅचची, हेही लिहून ठेवायला हवं.

नमुने गोळा करा. दोन-तीन कंपन्यांचे, वेगवेगळ्या व्यासांचे मिळून सहा-आठ डबे पुरतात. क्लबातल्या मंडळींकडून थोड्या थोड्या पेलेट्स घेतल्या तर खर्च वाचतो. प्रत्येक नमुन्याला क, ख, ग अशी अक्षरं द्या आणि कोणतं अक्षर कुणाचं, ते वहीत लिहा.

मग रायफल तयार करा. सगळे स्क्रू घट्ट आहेत ना पाहा. हवेचा सिलिंडर नीट भरलेला हवा. नळी साफ केली असेल तर लगेच मोजमाप सुरू करू नका, कारण आत शिशाचा पातळ थर पुन्हा बसेपर्यंत नेम स्थिर होत नाही. तेवढे शॉट्स असेच सोडून द्यावे लागतात.

यानंतरची पायरी सर्वांत नाजूक. आपल्याला पेलेट तपासायची आहे, नेमबाज नाही. म्हणून रायफलचा स्टॉक, म्हणजे दस्ता, काढून यांत्रिक भाग शिकंज्यात पकडतात. शिकंजा म्हणजे वर्कशॉपमधला व्हाइस, पण या कामासाठी बनवलेला. नळी थेट आवळायची नाही. शिकंजा ज्या टेबलावर बसवला आहे ते जड आणि स्थिर हवं. हलक्या लोखंडी टेबलावर सगळी मेहनत वाया जाते. हे काम प्रशिक्षकाच्या किंवा रायफल दुरुस्त करणाऱ्या जाणकाराच्या देखरेखीखालीच करा. रेंजचे सुरक्षेचे नियम शिकंज्यातल्या रायफललाही तसेच लागू आहेत.

शिकंजा नसेल तर वाळूच्या पिशवीवर टेकवून चाचणी घेता येते. त्यातून अगदी वाईट बॅच बाजूला काढता येईल, पण दोन चांगल्यांमधली सरस कोणती ते कळणार नाही.

आता शॉट्स. बॅच बदलली की आधी पाच-दहा पेलेट्स न मोजता सोडा. नंतर दहा शॉट्सचा एक ग्रुप, म्हणजे कागदावर जमलेला एक पुंजका. प्रत्येक ग्रुपला नवा कागद लावा आणि प्रत्येक बॅचचे निदान तीन ग्रुप घ्या. एका बॅचचे सगळे ग्रुप एका दमात उरकू नका. क, ख, ग अशी फेरी पूर्ण करा आणि पुन्हा क पासून सुरू करा. असं केलं तर तापमान किंवा सिलिंडरचा दाब बदलला तरी त्याचा भार एकाच बॅचवर पडत नाही.

पाच शॉट्सवर समाधान मानण्याचा मोह आवरा. एकाच डब्यातल्या पाच-पाच पेलेट्सचे दोन ग्रुप निव्वळ योगायोगाने एकमेकांच्या दीडपट निघू शकतात. त्यातला छोटा ग्रुप पाहून दहा डबे विकत घेणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. शिवाय कमी शॉट्सचा ग्रुप सरासरीने लहानच येतो. म्हणून एका बॅचचे पाच आणि दुसरीचे दहा शॉट्स शेजारी ठेवून तुलना करू नये.

मोजायचं व्हर्नियर कॅलिपरने. छिद्राची सगळ्यांत दूरची बाहेरची टोकं मोजा आणि त्यातून 4.5 वजा करा. उरलं ते दोन टोकाच्या पेलेट्सच्या मध्यांमधलं अंतर. बाहेरून 5.4 मिमी भरलं तर पसारा 0.9 मिमी झाला, आणि तो उत्तम. 6.3 भरलं तर पसारा दुप्पट. दहांतली एकच पेलेट बाहेर गेली असेल तर तो शॉट सोडून मोजू नका. स्पर्धेत तोही मोजलाच जातो. इलेक्ट्रॉनिक लक्ष्य असेल तर प्रत्येक शॉटची जागा यंत्रच नोंदवतं, आणि सगळ्या दहांचा विचार करता येतो.

ग्रुपचा आकारही वाचायला शिका. शॉट्स एकामागून एक एकाच दिशेला सरकत गेले, तर शिकंजा ढिला आहे. सगळ्याच बॅचचे ग्रुप उभे लांबट आले, तर बहुधा हवेचा दाब एकसारखा मिळत नाही. पेलेट सेकंदाला साधारण 170 मीटर वेगाने सुटते. त्या वेगात एका मीटरचा फरक पडला तरी लक्ष्यावर ती सुमारे 0.2 मिमी वर किंवा खाली लागते. अशा वेळी पेलेट बदलत बसण्यापेक्षा रेग्युलेटर, म्हणजे दाब सारखा राखणारा भाग, तपासून घ्यावा.

पहिल्या फेरीतून दोन-तीन बॅच निवडा आणि त्यांची दुसऱ्या दिवशी पुन्हा चाचणी घ्या. या वेळी भरणाऱ्याला कोणती पेलेट कुणाची ते सांगू नका. महागड्या डब्याकडे मन ओढ घेतं आणि मोजतानाही हात सैल पडतो. दोन्ही दिवशी पहिल्या क्रमांकावर आलेली बॅच घ्या. दोघींत फरक दिसलाच नाही तर स्वस्त घ्या, त्यात काही गमावत नाही.

निवड झाली की वर्षभर पुरेल इतका त्याच बॅचचा साठा करा, कारण पुढच्या महिन्यात ती बाजारात असेलच असं नाही. सरावाला मात्र साधी पेलेट चालते.

डबे कोरड्या जागी ठेवा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात शिशावर पांढुरकी भुकटी धरते. तशा पेलेट्स स्पर्धेला वापरू नका. डबा हातातून पडला तर नाजूक घेर चेपतात. असा डबा वेगळा काढून सरावाला लावा. शिसं विषारी आहे, म्हणून पेलेट तोंडात धरायची नाही आणि रेंजवरून आल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय काही खायचं नाही. मुलांना हे पहिल्या दिवसापासून शिकवा.

पुढे आपण 50 मीटरकडे वळलात, ज्यात कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवलं, तर तिथे .22 ची काडतुसं लागतात. तीही घरी भरता येत नाहीत. निवड पुन्हा बॅचचीच. एले आणि लापुआ या कंपन्यांची स्वतःची चाचणी केंद्रं आहेत. तिथे खेळाडू आपली रायफल घेऊन जातात आणि एकेक लॉट, म्हणजे बॅच, तपासून घेतात. पद्धत हीच, फक्त अंतर पाचपट.

एअर रायफलची नळी बदलली किंवा मोठी दुरुस्ती झाली, तर जुनी वही बाजूला ठेवा आणि चाचणी पुन्हा पहिल्यापासून घ्या.