ओला रंगपट्टा आणि बालसायकलस्वार

आपल्या शहराच्या बाह्य वळण रस्त्यालगत २०२३ साली खुल्या झालेल्या २३ किलोमीटरच्या सायकलमार्गावर सौरपट्टिकांचे छप्पर आहे. बेगम बाजारातून शाळेस निघालेल्या मुलास असे छत्र कोठले! चौकातील रंगीत पट्टे त्याला भर पावसात ओलांडावेच लागतात. रंगाचा थर डांबराचा खरखरीतपणा बुजवितो. त्यावर पाणी साचले की चाकाची पकड सुटते. म्हणून पट्ट्याअगोदरच वेग कमी करावा, त्यावर ब्रेक दाबू नये, वळू नये, हे मुलांस शिकवावे. खरा उपाय मात्र रंगात दगडाचा बारीक चुरा मिसळण्याचा. तो रस्ते रंगविणाऱ्यांच्या हाती आहे. डोक्यास मार लागलेले मूल वारंवार ओकू लागले वा सुस्तावले, तर ‘थकले असेल’ म्हणून निजवू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.