पाप केलेला पाद्री वेदीवर राहावा का? एका प्रश्नात अडकलेले दोन प्रश्न

मागच्या कार्तिक पौर्णिमेला मी कपिलधारला होते. बीडहून मांजरसुंब्याच्या बाजूला गेलं की डोंगरात हे ठिकाण लागतं. धबधबा आहे, आणि 'परमरहस्य' लिहिणाऱ्या मन्मथस्वामींची समाधी आहे. यात्रेला मराठवाड्यातून आणि कर्नाटकातून दिंड्या येतात. मी गेले होते मैत्रिणीच्या घरच्यांसोबत, वीरशैव परंपरेतल्या गुरूबद्दल थोडं ऐकावं म्हणून. माझा पीएचडीचा विषय मात्र ख्रिस्ती धर्मगुरूंचं पद आणि त्यांची शिस्त हा आहे.

पंगतीत शेजारी बसलेल्या आजोबांनी विचारलं, "पोरी, काय शिकायलीस?" मी सोप्या भाषेत सांगितलं: पाद्र्याच्या हातून पाप झालं तर त्याला पदावर ठेवावं की काढावं, यावर चर्चमध्ये काय काय वाद झाले ते वाचतेय. आजोबा लगेच म्हणाले, "आपण गादीला नमस्कार करतो, माणसाला नाही." पलीकडून आजींनी विचारलं, "मग असल्या माणसाला गादीवर बसवता कशाला?"

मी जेवायचं थांबले. कारण माझ्या पहिल्या वर्षाच्या संशोधन आराखड्यावर मार्गदर्शकांनी लाल पेनाने जे लिहिलं होतं, ते नेमकं हेच होतं. मी प्रश्न लिहिला होता, 'पापी धर्मगुरूने सेवेत राहावे का?' त्यांचा शेरा होता, 'हे दोन प्रश्न आहेत, वेगळे करा.' तेव्हा कळलं नव्हतं. आराखडा लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींनो, तुमचा घोळ वाचावा म्हणून हा लेख.

आजोबांचा प्रश्न

धर्मगुरू वाईट निघाला तर त्याने केलेले संस्कार खरे मानायचे की खोटे? हा वाद चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत पेटला. इ.स. ३०३ पासून रोमन सम्राट डायोक्लेशनने ख्रिस्ती लोकांचा छळ केला. पवित्र ग्रंथ जाळण्यासाठी हवाली करा, असा हुकूम निघाला. काहींनी जीव दिला, काहींनी ग्रंथ दिले. छळ संपल्यावर कार्थेजमध्ये सिसिलियन नावाचा बिशप झाला. त्याला ज्यांनी दीक्षा दिली त्यांच्यातल्या एकाने ग्रंथ हवाली केले होते, असा आरोप होता. एक मोठा गट म्हणाला, अशा हातांनी दिलेली दीक्षा दीक्षाच नव्हे. पुढे हा गट डोनेटस या त्यांच्या पुढाऱ्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. ३१४ मध्ये आर्ल येथे भरलेल्या बिशपांच्या सभेने त्यांच्या विरोधात निर्णय दिला, तरी वाद शंभर वर्षं चालला.

पाठ्यपुस्तकात डोनेटस गट हेकट, फुटीर म्हणून येतो. मला ते पटत नाही. ज्यांच्या घरची माणसं ग्रंथ लपवताना मेली, त्यांना ग्रंथ देऊन सुटलेल्याच्या परंपरेतला बिशप नको होता, यात न समजण्यासारखं काय आहे? पण त्यांचं म्हणणं पूर्ण मान्य केलं की काय होतं ते बघा. नगर जिल्ह्यातल्या एखाद्या गावात वीस वर्षांपूर्वी पाळकसाहेबांनी पन्नास जणांना बाप्तिस्मा दिला. आज उघड झालं की ते तेव्हाच मंडळीचे पैसे खात होते. मग त्या पन्नास जणांचा बाप्तिस्मा गेला का? त्या माणसांनी काय गुन्हा केला?

हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (मृत्यू ४३०) याने उत्तर दिलं ते याच अंगाने. संस्कार देणारा खरा ख्रिस्त आहे, पाद्री फक्त वाट आहे. त्याने दगडी पाटाचा दाखला दिला: पाटातून पाणी वाफ्यात जातं, पीक वाफ्यात येतं, दगड कोरडाच राहतो. म्हणजे संस्कार लाभला तरी पाद्री स्वतः तरलाच असं नाही. हा दुसरा भाग लोक हमखास विसरतात.

कॅथलिक चर्चचा कायदा, म्हणजे कॅनन लॉ, आजही याच पायावर उभा आहे. कलम २९० म्हणतं की एकदा विधिवत मिळालेली दीक्षा कधीच रद्द होत नाही. एखाद्याला धर्मगुरुपदावरून कायमचं काढलं तरी त्याला संस्कार करायची फक्त मनाई होते, दीक्षा पुसली जात नाही. म्हणून कलम ९७६ मध्ये एक विलक्षण सोय आहे: कोणी मरणाच्या दारात असेल तर असा काढून टाकलेला धर्मगुरूही त्याचं पापनिवेदन ऐकून क्षमा देऊ शकतो, आणि ती क्षमा पूर्ण वैध असते. हे कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आजोबांची गादी दिसली नव्हती. आता दरवेळी दिसते.

आजींचा प्रश्न

संस्कार वैध आहे, म्हणून माणूस पदावर राहू द्यावा, असं त्यातून निघतं का? अजिबात नाही. या ठिकाणी विद्यार्थी घसरतात, आणि बिशपही घसरले आहेत.

१५७१ मध्ये पक्क्या झालेल्या अँग्लिकन चर्चच्या ३९ कलमांपैकी सव्विसावं कलम काढून वाचा. पहिल्या भागात ऑगस्टीनचंच म्हणणं आहे, सेवकाच्या दुष्टपणाने संस्काराचा परिणाम जात नाही. लगेच पुढे म्हटलंय की दुष्ट सेवकांची चौकशी व्हावी आणि दोषी ठरले तर त्यांना पदावरून काढावं. दोन्ही प्रश्न एकाच कलमात, पण वेगवेगळ्या वाक्यांत. मी हे कलम टेबलासमोर चिकटवलंय.

आपल्याकडे यात आणखी एक पदर आहे. १८३१ मध्ये अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनने ठाणं घातलं. ही मंडळी काँग्रिगेशनल पंथाची. त्यांच्याकडे पाळक हा मंडळीच्या बोलावण्याने पाळक, दीक्षेची कायमची मोहोर वगैरे कल्पना नाही. १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा ही परंपरा आणि बिशप मानणारी अँग्लिकन परंपरा एका छपराखाली आल्या. म्हणजे एकाच चर्चमध्ये 'पदावरून काढणं' या शब्दांमागे दोन वेगळ्या समजुती नांदतात. मराठीत यावर काम करायला कोणी पुढे येत असेल तर मला आनंद होईल. मंडळ्यांची जुनी इतिवृत्तं वाचायची तयारी मात्र हवी.

बायबलमधूनही एकच उत्तर मिळत नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात अध्यक्षाच्या अंगी काय गुण हवेत त्याची मोठी यादी आहे, आणि तो निर्दोष असावा ही अट सुरुवातीलाच आहे. दुसरीकडे ख्रिस्ताला तीनदा नाकारणारा पेत्र पुन्हा मेंढपाळ झाला. ज्यांना पाद्री ठेवायचा असतो ते पेत्राचं नाव घेतात. पण पेत्राच्या नाकारण्याने दुसऱ्या कोणाचं शरीर किंवा बालपण मोडलं नव्हतं. म्हणून 'पाप' हा एकच शब्द घेऊन पुढे जाता येत नाही. रागीटपणा, दारू, खोटे हिशेब, बाईशी संबंध आणि लहान मुलावर अत्याचार, ही सगळी पापं असतीलही, पण शेवटच्यात कोणीतरी इजा झालेलं आहे आणि ते मूल आहे.

हे चर्चच्या कायद्यालाही उशिरा उमगलं. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये धर्मगुरूने अल्पवयीनावर केलेला लैंगिक अत्याचार १३९५ व्या कलमात होता, आणि ते कलम धर्मगुरूंच्या विशेष कर्तव्यांच्या भंगाच्या प्रकरणात. सरळ सांगायचं तर ब्रह्मचर्य मोडल्याच्या रांगेत. सुधारित कायदा ८ डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. त्यात हा अपराध १३९८ व्या कलमात, माणसाचं जीवन, प्रतिष्ठा आणि स्वातंत्र्य यांविरुद्धच्या अपराधांत हलवला. वरवर बघितलं तर नुसता कलमाचा नंबर बदलला. पण आधी 'धर्मगुरूचं व्रत मोडलं' अशी नोंद होती, आता 'मुलाला इजा झाली' अशी आहे. व्रत मोडलेल्याला पश्चात्ताप करून परत घेता येतं. मुलाला इजा करणाऱ्याबाबत आधी त्या मुलाचं काय, हे विचारावं लागतं.

त्याच महिन्यात मुंबईच्या विशेष पोक्सो न्यायालयाने २०१५ च्या एका प्रकरणात एका कॅथलिक धर्मगुरूला अल्पवयीन मुलावरच्या अत्याचारासाठी जन्मठेप सुनावली. २०१९ मध्ये बीबीसीच्या बातमीत मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप, कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशिअस यांनी आपल्याकडे आलेल्या तक्रारी अधिक चांगल्या रीतीने हाताळता आल्या असत्या हे मान्य केलं होतं. भारतीय कायद्याची बाजू इथे स्पष्ट आहे. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या पोक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे असा गुन्हा माहीत असणाऱ्या कोणालाही पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच २१ व्या कलमाखाली गुन्हा आहे. बिशपही त्यातून सुटत नाहीत. 'आधी आमची अंतर्गत चौकशी होऊ द्या' हे उत्तर त्यामुळे पुरेसं नाही.

माझं मत विचाराल तर संस्कारांबाबत आजोबा बरोबर आहेत आणि पदाबाबत आजी. पैशाचा किंवा व्यसनाचा मामला असेल तर काही वर्षांनी, मंडळीच्या संमतीने, परत येण्याची वाट मी पूर्ण बंद करणार नाही. मुलांच्या बाबतीत ती बंदच असावी. यावर माझ्या विभागात सगळ्यांचं एकमत नाही, आणि माझ्या शेवटच्या प्रकरणात त्याच्याशीच झगडा चाललाय.

आराखड्यात आता काय लिहिलंय ते सांगते, उपयोगी पडेल. 'राहावे का' हे शब्द मी काढले. त्याजागी विचारलं: काढण्याचा निर्णय कोणी घेतला, कोणत्या नियमाने, आणि ज्याला इजा झाली त्याचं म्हणणं कागदावर कुठे आलं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं दप्तरात सापडतात. तिसऱ्यासाठी मी अजून कागद चाळतेय.

आजींना हे सगळं सांगायचं राहिलं. पंगत उठली होती आणि त्यांची दिंडी निघाली होती.