खेळण्यातील आगगाड्यांचा छंद



पोस्टाची तिकिटे किंवा जुनी नाणी जमविणारे गृहस्थ आपल्या सर्वांच्या ओळखीचे असतात. परंतु एखादा प्रौढ मनुष्य विजेवर चालणाऱ्या खेळण्यातील आगगाड्या जमवितो असे सांगितले, की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू उमटते. त्या छंदाची थोडी ओळख करून द्यावी आणि त्यातून निघणारा एक प्रश्न आपल्यापुढे ठेवावा, एवढाच आजचा हेतू आहे. खेळणे जपायचे म्हणजे नेमके काय जपायचे, हा तो प्रश्न.

जर्मनीतील गॉपिंगेन येथे १८५९ साली मेर्कलिन नावाच्या कारागिराने बाहुलीघरासाठी पत्र्याची भांडीकुंडी करण्याचा धंदा काढला. त्याच घराण्याच्या कंपनीने १८९१ च्या लाइपझिगच्या वसंत जत्रेत किल्लीची आगगाडी मांडली आणि रुळांच्या रुंदीची ठराविक मापेही ठरवून दिली. माप ठरले म्हणजे यंदा इंजिन, पुढच्या वर्षी डबा, त्यानंतर पूल, अशी गाडी वाढवीत नेता येते. खेळण्याचा संग्रह होण्याची सोय अशी मुळातच झाली होती.

अमेरिकेत न्यूयॉर्क येथे जोशुआ लायोनेल कोवेन याने १९०० साली आपली कंपनी काढली. त्याची पहिली विजेची गाडी म्हणजे दुकानाच्या काचेमागे गोल फिरणारा एक उघडा लाकडी डबा होता. माल मांडावा आणि गिऱ्हाइकाचे लक्ष वेधावे, एवढेच त्याचे काम. पण गिऱ्हाइके मालाऐवजी डब्याचीच किंमत विचारू लागली, असे सांगतात. पुढे ‘लायोनेल’ हे नाव अमेरिकेत घरोघरी झाले.

या गाडीची यंत्रणा समजण्यास सोपी आहे. घरातील विजेचा दाब ट्रान्सफॉर्मरने सुमारे २० व्होल्टांपर्यंत खाली आणतात. लायोनेलच्या मार्गाला तीन रूळ असतात. वीज मधल्या रुळातून इंजिनाच्या मोटारीत येते आणि चाकांवाटे बाहेरच्या रुळांतून परत जाते. खऱ्या रेल्वेला सहसा दोनच रूळ, मग हा तिसरा कशासाठी? मार्ग वळसा घेऊन उलट त्याच मार्गाला मिळाला, तर दोन रुळांच्या रचनेत डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्टसर्किट होते. तीन रुळांत मधला मधल्यालाच मिळतो, बाहेरचे बाहेरच्यांना. मुलाने मार्ग कसाही जोडला तरी अशी अडचण येत नाही.

आपल्याकडे अशी गाडी आणणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकन ट्रान्सफॉर्मर सुमारे ११५ व्होल्टांसाठी केलेला असतो. तो आपल्या २३० व्होल्टांना थेट जोडला तर जळून जातो. जुन्या तारांवरचे रबरही कडक होऊन तडकलेले असते. प्रथम तारा बदलाव्यात, मगच बटन दाबावे.

जाणकार संग्राहक आणखी काही गोष्टी पाहतो. युद्धपूर्व काळातील काही जस्तमिश्रित ओतीव भागांत शिशासारखी अशुद्ध द्रव्ये मिसळली गेली. असा भाग कपाटात नुसता ठेवला तरी फुगतो, तडकतो आणि शेवटी चुरा होतो. त्यावर उपाय नाही. नंतर तो रंग पाहतो, आणि मूळचे खोके आहे की नाही हे पाहतो. खोके असले की किंमत वाढते.

आता माझ्या प्रश्नाकडे येतो. महायुद्धामुळे १९४२ साली अमेरिकेत धातूची खेळणी बंद झाली. लायोनेलने १९४३ च्या नाताळात पुठ्ठ्याची गाडी विकली. ती जुळविता जुळविता बापमंडळी हैराण झाली. पुढे १९५७ साली खास मुलींसाठी गुलाबी इंजिनाची गाडी निघाली, पण मुलींना ती रुचली नाही. गाडीच हवी तर खरी दिसणारी हवी, हा त्यांचा विचार योग्यच होता. माल दुकानांत पडून राहिला. आज या दोन्ही गाड्या संग्राहकांत मोलाच्या ठरल्या आहेत. गुलाबी गाडीला तर इतकी मागणी, की साधे इंजिन रंगवून तिच्या नावावर खपविण्याचे प्रकार होतात.

म्हणजे ज्या गाड्यांशी मुले खेळली नाहीत, त्या महाग झाल्या. आणि जी गाडी तीन भावंडांनी भांडून, पाडून, पुन्हा रुळावर ठेवून चालविली, तिला बाजारात ‘खराब’ म्हणतात! हा बाजाराचा न्याय आहे. संग्राहकाने तो आपला मानू नये, असे मला वाटते. बोटांनी झिजलेला रंग हा त्या वस्तूच्या इतिहासाचाच भाग आहे. तो नव्याने रंगवून झाकू नये आणि रंगविलाच तर विकताना तसे सांगावे. चाके पुसावीत, तेलाचा एक थेंब द्यावा आणि अधूनमधून गाडी चालवावी.

पुण्यात कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. तेथील गाड्या १:८७ प्रमाणातील प्रतिकृती आहेत. संग्राहकांच्या जुन्या खेळण्यांहून हा प्रकार वेगळा. पण तेथे गाड्या धावताना दाखवितात. मुलाला घेऊन अवश्य जावे. गाडी सुरू झाल्यावर गाडीकडे न पाहता क्षणभर मुलाच्या तोंडाकडे पाहावे. या छंदात जपण्यासारखे काय आहे, ते तेथे दिसेल.