झेंड्याची मागची बाजू

३ सप्टेंबर १९४२ रोजी तासगावच्या मामलेदार कचेरीवर मोर्चाने तिरंगा लावला. सहाच दिवसांनी, ९ सप्टेंबरला, वडूजच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. तासगाव आज सांगली जिल्ह्यात आहे, वडूज साताऱ्यात. त्या वेळी जिल्हा एकच होता.

या प्रसंगांची चित्रे आपण शाळेत काढून घेतो, तेव्हा मुले मोर्चेकऱ्यांच्या हाती अशोकचक्राचा झेंडा देतात आणि आपणही ते चालवून घेतो. पण त्या तिरंग्यावर चक्र नव्हतेच, चरखा होता. काँग्रेसने तो झेंडा १९३१ साली ठरवला. केशरी म्हणजे धैर्य व त्याग, पांढरा म्हणजे शांती व सत्य, हिरवा म्हणजे श्रद्धा व शौर्य, हे अर्थ तेव्हाचेच. रंगांना जातीय अर्थ नाही, असेही तेव्हा मुद्दाम स्पष्ट केले होते. ते आजही वर्गात सांगावे लागते!

मग चरखा का गेला? २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेत नेहरूंनी दिलेल्या कारणांपैकी एक चक्क भूमितीचे आहे. चरख्याच्या एका बाजूला मोठे चाक, दुसऱ्या बाजूला चाती. झेंडा तर दोन्हीकडून दिसतो. मागून पाहिले की चाक आणि चाती यांच्या जागा बदलतात. म्हणून चाक तेवढे ठेवले आणि त्याला सारनाथच्या अशोकस्तंभावरील चक्राचे रूप दिले.

मागून पाहणे म्हणजे आकृती मधल्या उभ्या रेषेभोवती उलटवणे. चक्राला २४ आरे, दोन आऱ्यांमध्ये १५ अंश. एक आरा बरोबर उभा ठेवला की डावीकडच्या प्रत्येक आऱ्याला उजवीकडे जोडीदार मिळतो. (आरे २३ असते तर? मुलांनाच शोधू द्या.)

सायप्रस या बेटाच्या १९६० सालच्या झेंड्यावर बेटाचा नकाशाच आहे. रंग तांब्याचा, कारण तिथले तांबे प्राचीन काळापासून प्रसिद्ध. खाली शांततेच्या दोन ऑलिव्ह फांद्या. मागून पाहिले तर बेटाचे ईशान्येकडचे लांब शेपूट वायव्येला गेलेले दिसते. सौदी अरेबियाच्या झेंड्यावर मजकूर आहे. तो दोन्हीकडून सरळ वाचता यावा, असाच झेंडा बनवतात.

पतंगाच्या पातळ कागदावर चरखा काढून खिडकीच्या काचेला चिकटवा. अर्धा वर्ग आत, अर्धा बाहेर. चाती कोणत्या हाताला आहे, ते दोन्हीकडच्यांना विचारा. मग चरख्याच्या जागी चक्र लावा.